चुन्याचं बोट

जयराजनं बहिणीच्या डब्यातली वडी दाढेखाली धरली आणि ती कट् करून मोडली. चुलीपुढं बसलेल्या अंबूबाईचा हात तिथल्या तिथं थांबला.

"आये, ही तर तुझ्याच हातची!" तो म्हणाला आणि त्यानं दुसरी उचलली.

अंबूबाईच्या हातची वडी अजून परातीत कोमट होती. काकवीची, शेंगदाणे घातलेली. जयराजची रजा संपली होती. दुपारच्या एसटीनं तो पलटणीत परत निघाला होता आणि दर खेपेला त्याच्या पेटीत आईच्या वडीचा डबा जायचा. यंदा लेक राजेश्वरी भावाला निरोप द्यायला तासगावाहून आली, ती स्वतःचा डबा घेऊनच.

गुळाची वडी कुणीही करतं. काकवीची बसत नाही. कितीही आटवा, गार झाली की दाताला चिकटते, नाहीतर ताटातून ओघळते. अंबूबाईची तेवढी काचेसारखी मोडायची. पार फलटणच्या बाजारापर्यंत तिचं नाव होतं. लग्नाकार्यात बायका खोदून खोदून विचारायच्या. ती म्हणायची, "हाताचा गुण हाय, बायांनो. आता हात तोडून देऊ का?"

गुण हाताचा नव्हता, एका बोटाचा होता. काकवीला उकळी आली की अंबूबाई पानाची चंची उघडायची. पान लावता लावता चुन्यात जास्तीचं बोट बुडवायची, ते उलथन्याला पुसायची आणि उलथनं कढईत फिरवायची. बघणाऱ्याला वाटायचं, बाईला पानाची तलफ आली. ही युक्ती तिला तिच्या सासूनं दिली होती. तिनं ती जयराजच्या बायकोला, अक्षताला दिली. तीही सून नांदायला लागून दोन वर्षं झाल्यावर, दाराला कडी घालून. लेकीला नाही दिली. घराची रीतच तशी होती. लेकीनं जाताना भांडी न्यावीत, लुगडी न्यावीत. घराचं नाव नेऊ नये.

अंबूबाई उठली. राजेश्वरीच्या डब्यातला एक तुकडा तिनं जिभेवर ठेवला. गोडाच्या मागनं ओळखीची बारीक चुणचुण आली. तिनं तो गिळला नाही. अंगणात जाऊन थुंकून आली.

अक्षता परातीतल्या वडीवर सुरीनं रेघा मारत होती.

"किती दिवस चाललंय हे?" अंबूबाईनं विचारलं.

"काय, आत्याबाई?"

"वर तोंड करून 'काय' म्हणती! ह्या घरात दोघींनाच ठावं हाय. त्यातली एक मी. आन् मी काय झोपंत बडबडत न्हाई."

अक्षताच्या हातातली सुरी थांबली. "देवाशपथ, मी वन्संना काय बी बोलले न्हाई."

"देवाला कशाला मधी घालतीस? त्यो काय वडी करत न्हाई."

अंबूबाईला रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. पोटच्या लेकीला डावलून जिच्या पदरात घातलं, ती शेवटी परक्याचीच निघाली. तिनं सुनेच्या हातातली सुरी काढून घेतली.

"आजपास्नं माझ्या कढईला हात लावायचा न्हाई. तुझी चूल मागच्या पडवीत मांड."

"आये, वडीपायी?" जयराज उठला.

"तू गप. तुझी एसटी बघ."

अक्षतानं डोळ्याला पदर लावला. राजेश्वरी इतका वेळ आपल्या डब्याचं झाकण बसवत होती. ते बसलं. मग ती म्हणाली, "वैनीला सोड, आये. मला माझ्या सासूनं सांगितलं."

"येसूबाईनं? तिला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पाहिजे? तिच्या म्हायेराला गुऱ्हाळ व्हतं. गुळव्या रोजच काकवीत चुना टाकतोय. आमच्या गल्लीत निम्म्या बाया टाकत्यात."

अंबूबाईला एकदम बसावंसं वाटलं. पण ती उभीच राहिली. मोडली तरी वाकायची सवय नव्हती. "मग इतकी वर्सं मला बोलली का न्हाईस?"

"काय बोलू?" राजेश्वरीचा आवाज चढला नाही. "ब्याण्णव साली लगीन झालं. पयल्या संक्रातीला मोठ्या तोऱ्यात शेजारणी बोलावल्या. म्हणलं, माझ्या आयच्या हातची वडी खावा. तू सांगितलंवतंस तसं सगळं केलं. शेंगदाणं वाळूत भाजलं, काकवी चांगली आटीवली. वडी उचलाया गेले तर नुसता चिकाटा. बाया हसून लोळल्या. एक म्हणली, वडी न्हाई, आयनं लेकीला डिंक शिकवलाय. सासूनं तेवढी माझी बाजू घेतली. म्हणली, आय सांगाया इसरली आसंल. मी बी म्हणलं, व्हय, इसरलीच."

परातीतली वडी गार होत होती.

"हळदीच्या आदल्या दिवशी मी तुला इचारलंवतं, वडीचं आणि काय राह्यलं का? तू म्हणलीस, काय बी न्हाई. तवा तू पान लावत व्हतीस, आये. माझ्याम्होरंच."

अंबूबाईच्या बोटावर सकाळचा चुना वाळून पांढरा दिसत होता. तिनं ते बोट हळूच पदरात घेतलं.

"राहू दे, पुसू नगंस," राजेश्वरी म्हणाली. "चुना काकवीला लावायचा व्हता, आये. तू मला लावलास."