जाळीतली राख

राघो मिस्त्रीने कार्बोरेटरवरची जाळी काढली आणि जुन्या वर्तमानपत्रावर आपटली. करड्या भुकटीचा ढीग पडला. गुप्त्यांनी उगाच घड्याळात बघितल्यासारखं केलं.

"गेल्या महिन्यात तर धुऊन दिलेली," राघो म्हणाला. "साहेब, गाडी रोज चालते कुठे?"

"ठाणं ते कल्याणपुढचा आमचा कारखाना, आणि परत. सगळा डांबरी रस्ता."

"मग अशीच जाळी नवी टाका. डांबरीला भरपूर झाली." राघोने फळीवरून एक काळा डबा खाली काढला, चहाच्या किटलीएवढा. "हा तेलाचा एअर क्लीनर. हवा आधी तेलावरून जाते, धूळ तेलात बसते, इंजिन वाचतं. पण हा कच्च्या रस्त्यावरच्या गाड्यांना. कंत्राटदार लोक नेतात. दर आठवड्याला तेल बदलायचा कुटाणा, वर बसवायला पट्टी ठोकायला लागेल. तुम्हाला कशाला पाहिजे?"

"तेलाचाच बसवा," गुप्ते म्हणाले.

माजिवड्याच्या त्या गॅरेजमध्ये बाकावर बसलेल्या प्रमोदिनीने मान वर केली. साधी छत्री घ्यायची तरी तीन दुकानं पालथी घालणारा हा माणूस. आज त्याने डबा हातातसुद्धा घेतला नव्हता.

"अहो, पण ते नको म्हणतायत ना?"

"तुला त्यातलं काय कळतं?" ते फटकन बोलून गेले, आणि लगेच वरमले. "राहू दे गं. इंजिन टिकेल." मग हात धुवायचं निमित्त करून मागच्या नळाकडे गेले.

राघोने ती भुकटी चिमटीत चोळली. "वहिनी, ही डांबरीची धूळ नाही. वीटभट्टीची राख आहे. आंबिवलीला माझी सासुरवाडी, तिथे नदीच्या वाटेला भट्ट्याच भट्ट्या. दिवाळसणाला गेलेलो, तर पांढरं धोतर कोळशासारखं करून आलो." तो हसला. "पण एका फेरीत एवढी बसत नाही. रोजचं जाणं पाहिजे."

तो आपला धंद्यातलं बोलत होता. काय बोलून गेला, ते त्याला कुठे ठाऊक!

घरी येईपर्यंत प्रमोदिनीच्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत होती. रोज तासभर उशीर, विचारलं तर "काम होतं" एवढंच. पुढच्या सीटखालची पितळी लोटी. तिला दुधाचा वास यायचा. प्रमोदिनीने ती दोनदा घासून परत ठेवली होती, काही न विचारता.

रोज दूध नेतात म्हणजे तिथे मूल आहे.

चार वर्षांपूर्वी ती बाळंतपणाला माहेरी, कल्याणला गेली होती. मुलगी झाली. पाचव्या दिवशी गेली. प्रमोदिनी तेव्हा तापात होती. शुद्धीवर आली तेव्हा बारशासाठी आणलेला पाळणा माळ्यावर गेला होता. आता पुन्हा मूल नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाईंनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा गुप्ते भरल्या पानावरून उठले होते. त्या उठण्याचा तिला केवढा अभिमान होता! शेजारणींना दहादा सांगून झालं होतं. आता ते आठवून तिची तिलाच लाज वाटली. लग्न कशाला करायला हवं? नदीकाठी एक खोली घेतली की झालं.

मंगळवारी गुप्ते कामावर गेल्यावर तिने घराला कुलूप लावलं आणि आगगाडीत बसली.

ठाण्याहून निघताना ती त्या बाईच्या झिंज्या उपटणार होती. डोंबिवली येईपर्यंत तो जोर ओसरला आणि रडू यायला लागलं. कल्याणला माहेरचं स्टेशन मागे पडलं, तेव्हा मनात एकच उरलं: ते मूल कसं असेल? त्यांचं नाक घेतलं असेल का? आपण पाया पडून मागितलं, तर देतील का? आपण वाढवू. कुणाचं का असेना, घरात पावलं वाजतील.

आंबिवलीला उतरून ती नदीच्या वाटेला लागली. राखेने चपला करड्या झाल्या. पहिल्याच भट्टीवर एक बाई विटा उलथत होती. नाव विचारलं तर हौसाबाई म्हणाली.

"इथे मोटार घेऊन एक साहेब येतात का हो? चष्मेवाले?"

"येत्यात की. रोज सांजच्याला, दुधाची लोटी घिऊन."

"कुणाकडे?"

"लेकीकडं. चित्रा म्हणत्यात तिला."

प्रमोदिनी विटांच्या थप्पीवर बसली. मुलगी. आणि नावसुद्धा असं गोड. तिच्या मनात एक लाजिरवाणी आशा वर आली.

"आणि तिची आई?"

"आईला कंदी बगितलं न्हाई. सायेब एकलेच येत्यात."

म्हणजे आई नाही. प्रमोदिनी उठली, पदराने तोंड पुसलं. "मला घेऊन चला तिच्याकडे. मी काही बोलणार नाही. एकदा उचलून घेईन फक्त."

हौसाबाईच्या हातातली वीट तशीच राहिली. तिने पाहुणीकडे नीट बघितलं.

"बाई, तिकडं बायामाणसं जात न्हाईत. आन् उचलून कशी घेणार? दरडीखाली पुरलीया तिला. पाच दिसांची व्हती, बारशाच्या आदीच गेली. नाव त्येंनी मागनं एकट्यांनीच ठिवलं."