फणीचे दात

"तुझ्या सासूबाईंचे डोळे दाखवून आण, परवा त्यांनी मला दूधवाला समजून पातेलं पुढे केलं," असं शेजारचे काका म्हणाले, तेव्हा सुनेने ते हसण्यावारी नेलं होतं. मग वस्तीत मोतीबिंदू किती जणांना आहे ते बघणारी नर्स घरी आली. तिच्या हातातल्या कार्डावर फणीसारखी खूण होती. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं होतं. सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, तिचा हात हातात धरला आणि वर, खाली, डावीकडे, सगळं बिनचूक दाखवलं.

"सुनेच्या भाजीतला केससुद्धा दिसतो मला!"

"आजी, नातीला जरा खाली ठेवा बघू," नर्स म्हणाली.

"का? ती काय कॉपी पुरवतेय?"

सुनेने लेकीला कडेवर घेतलं आणि सासूबाईंचा हात हवेतच लटकला.

"आजी, वर! माझा हात धर ना," नात ओरडली, "गाड्या येतात तेव्हा धरतेस तसा!"

सुनेने लेकीला घट्ट धरलं. रोज संध्याकाळी आजी नातीला फिरवून आणते, या भरवशावर ती निवांत पाय पसरत होती.

तुमच्याही घरची आजी नातवंडाला फिरवायला नेत असेल, तर आज जरा मागोमाग जा आणि कोण कोणाला फिरवतंय ते बघून या.