लाखभर वर्षांपूर्वीचा हत्ती

मुळा धरणाचं पाणी ओसरलं की गनीभाई सगळं घर काठावर न्यायचे. बाकीचे मटण-भाकरी खायचे, गनीभाई चिखलात दगड झालेलं हत्तीचं हाड शोधायचे. आजवर एकही सापडलं नव्हतं.

"आज न्हाई घावलं तर पुन्हा यायचं न्हाई," ते सकाळीच म्हणाले. त्यांच्या सुनेनं, रजियानं ते ऐकलं. वर्षातली तिची ही एकच सहल. जेवण उरकल्यावर तिनं ताटातली मटणाची एक नळी धुतली आणि गुपचूप त्यांच्या वाटेत पुरली.

गनीभाईंनी ती उकरली, उन्हात धरली, हुंगली. "हत्तीच. लाखभर वर्षांपूर्वीचा."

"एवढुसा?" त्यांच्या मुलानं विचारलं.

"पिल्लू हुतं."

गाडीकडे जाताना ते रजियाजवळ थांबले. "बेटा, पुढच्या वर्षी नीट घासून पूर. हत्तीच्या काळात हळद न्हवती."