वाढायला कोण येतं?

दोन हजार सातची गोष्ट. संगणकावर मराठी लिहायचं एक सॉफ्टवेअर पंधरावीस पोरांनी मिळून केलं होतं. कुणीही फुकट वापरावं, कुणीही सुधारावं. त्याच्या माहितीपुस्तिकेत बाहेरच्या कुठल्या लिंक ठेवायच्या, हे त्यांच्यातल्या धसईच्या शेखरनं ठरवायचं होतं. लिंक झाल्या होत्या त्रेचाळीस. जो तो आपली घुसवून मोकळा!

शेजारी बाबा शेखरच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेतली नावं धडाधड खोडत होते.

"बाबा, भावकी रुसेल ना!"

"रुसू दे. नुसता मिरवायला येतो त्याचं नाव नाय. पंगतीत वाढायला येतो त्याचं टाकायचं."

शेखर हसला आणि तेच माप लिंकना लावत बसला. जिच्यातून नवख्याच्या पदरात काही पडतं ती ठेवली, बाकीच्या उडवल्या. उरल्या सहा. शेखरचा जिवलग मित्र, शेणव्याचा भरत, त्याचीही उडाली. तिथली माहिती तीन वर्षं जुनी होती. शेखरनं त्याला बाबांचं माप सांगितलं, तसा भरत फोनवरच तडकला, "मग लग्नालाबी येणार नाय, जा!"

लग्नात पहिली पंगत बसली, तर बाह्या सरसावून, वरणाची बादली घेऊन भरत समोर उभा.

"सगळी माहिती नवी लिहिलीय. आता तरी लिंक घाल."

"बघितली मी. परवाच घातली."

"परवा?" भरत ओरडला. "मग ही बादली कशाला उचलली रे मी!"

आणि तसाच पुढच्या पाहुण्यापुढे वाकला, "वरण घ्या, वरण!"