टाकीतला खेकडा

"ग्लास आडवा नगं, कलता ठेवा. दगडाला टेकवून," धोंडाबाई म्हणाली.

जन्नतबीनं बाही सरसावून काचेचा ग्लास टाकीत सोडला. आत सुक्या बोंबलाचा तुकडा. वासानं खेकडा वर चढतो, आत पडतो, आणि गुळगुळीत काचेवरून त्याला पुन्हा बाहेर पडता येत नाही. हिर्डोशीची धोंडाबाई भोरच्या आठवडी बाजारात खेकडे विकायची, तिला त्यांची नस न् नस ठाऊक. म्हणून तर जन्नतबीनं तिला बाजारातून हाताला धरून घरी आणलं होतं.

टाकी फिरोजची. जन्नतबीचा पोरगा, मालवाहू जहाजावर कामाला. घरी आला तरी समुद्र काही त्याच्या डोक्यातून जात नसे. मागच्या सुट्टीत त्यानं ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. पुण्याच्या दुकानातून दगड आणले, चार नारिंगी मासे आणले. दगडाच्या भोकात लपून हा खेकडा फुकटात आला. आता मासे दोनच उरले होते. दुसरा मेलेला मासा आज सकाळीच जन्नतबीला खेकड्याच्या नांगीत दिसला होता.

पहिला मेला तेव्हा मात्र खेकड्याचं नाव निघालं नव्हतं. तेव्हा नाव निघालं सुनेचं.

झालं असं, की फिरोज जहाजावर जाऊन आठवडा होतो न होतो, तोच यास्मिन टाकीत तांब्यानं पाणी ओतताना सापडली. जन्नतबीनं तांब्यात बोट बुडवून चाखलं. गोडं पाणी!

"समुद्राच्या माशांना गोडं पाणी? जीव घेतेस का गं त्यांचा?"

"अम्मी, त्यांनीच सांगितलंय तसं..."

"माझा पोरगा दर्यावर असतो, आणि तू मला समुद्र शिकवतेस?"

स्वतः जन्नतबीनं समुद्र उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, मुरुडला, तोही एसटीच्या खिडकीतून. पण एकदा तोंड सुटलं की बाई कुणाला ऐकायची नाही. नको नको ते बोलली. शेवटी 'माझ्या घरात राहू नकोस' इथवर गेली. यास्मिन संध्याकाळच्या एसटीनं नसरापूरला माहेरी निघून गेली. पुढं आठवड्यानं पहिला मासा उलटा तरंगला, तेव्हा जन्नतबी शेजारणीला म्हणाली, "बघा, तिच्याच पाण्यानं मेला."

सून गेली त्या दिवसापासून टाकीचं सगळं जन्नतबीच बघत होती. उन्हाळ्याचे दिवस, पाणी रोज थोडं थोडं उतरायचं. जन्नतबी टाकीखालच्या पिशवीतलं मीठ मूठभर घ्यायची, तांब्यात विरघळवायची आणि बिस्मिल्ला म्हणून ओतायची. एक दिवस चुकवला नाही.

"घावला!" धोंडाबाईनं ग्लास वर काढला. खेकडा बोंबलाला बिलगून बसला होता. तिनं तो उजेडाला धरून नीट पाहिला.

"जन्नतबी, ह्यो न्हाई मारत मासं. ह्यो मेल्यालं खातो. आमच्या वढ्यात बी असंच. जिता मासा ह्याला घावतोय व्हय?"

"नांगीत होता मासा. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

धोंडाबाईनं ग्लास तिच्या हातात दिला. जन्नतबी खेकडा घेऊन नदीवर गेली. मारायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनं तो नीरेच्या पाण्यात सोडून दिला. गोड्या पाण्यावरून सुनेला घराबाहेर काढणाऱ्या बाईला, समुद्राचा खेकडा नदीत सोडताना काहीच वाटलं नाही.

दोन दिवसांनी तिसरा मासा तळाशी आडवा झाला. आता दोष द्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. जन्नतबीनं फिरोजला मोबाईल लावला. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा लागला.

तिनं सगळं सांगितलं. पाणी, मीठ, खेकडा.

"अम्मी, पाणी उडून जातं, मीठ जात नाही. ते टाकीतच राहतं. वर तू रोज नवं मीठ घालत गेलीस. पाणी उतरलं की त्यात फिल्टरचं साधं पाणी घालायचं असतं. यास्मिन घालायची तसं."

जन्नतबी टाकीकडे वळली. टाकीत शेवटचा मासा कसाबसा कल्ले हलवत होता. आता लपवून काय उपयोग, असं तिला वाटलं.

"बाळा, चुकले रे मी. यास्मिनला मी..."

"माहितीये गं. तिनं सांगितलं मला."

जन्नतबीनं डोळे मिटून घेतले.

"तुझे गुडघे दुखतात, तरी तूच तिला म्हणालीस ना, जा, महिनाभर माहेरी आराम कर म्हणून? फोनवर तुझं किती कौतुक करत होती ती."