वाणातली चिठ्ठी

मुलांनो, जरा कल्पना करा. साल १९७४. लकडगंजमधली एक खोली, आणि त्या घरात वाचता येतं ते फक्त आठ वर्षांच्या शामलाला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शाळेच्या बाईंनी शामलाच्या आईचा सुजलेला गाल पाहिला. चार बायांसमोर त्या काही बोलल्या नाहीत. वाणाच्या डबीत मात्र त्यांनी एक चिठ्ठी घातली. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांना आसरा देणाऱ्या आश्रमाचा पत्ता त्यात होता.

घरी चिठ्ठी आधी बापाच्याच हाती लागली. चंपतरावाने एका हातात ती धरली, दुसऱ्या हातात आईचे केस.

"काय लिहिलं हाये वं यात? वाच!" तो शामलावर ओरडला.

आईने डोळे मिटले. शामला अक्षरांवर बोट ठेवून सावकाश म्हणाली, "हळदीच्या बोटाला कुंकवाची साथ, चंपतरावांच्या हाती दिला मी हात."

बाप हसला. त्याने केस सोडले आणि चिठ्ठी शामलाकडे टाकली. "उखाणा व्हय! शिकव मंग तुह्या मायले."

* * *

दुसऱ्या दिवशी तो कामावर जाताच शामलाने दप्तरातली पुस्तकं काढली, त्यात आईचं लुगडं भरलं, आणि आईला घेऊन रस्त्यावर येऊन तीच चिठ्ठी पुन्हा वाचली. या वेळी जशी होती तशी.