मागच्या सीटवरचं मागणं

टाउनशिपच्या गेटवर पहारेकऱ्याने हटकलंच. "साहब, गाडी बंद है क्या? धक्का मारूँ?"

"अरे, चालू आहे बाबा!" नीळकंठरावांनी हसत मूठ पिळली आणि विजेवरची नवी स्कूटर पाण्यावरून होडी सरकावी तशी रस्त्याला लागली.

नीळकंठरावांची सारी नोकरी कारखान्यात, रेल्वे इंजिनांच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात, तांब्याच्या तारा गुंडाळण्यात गेलेली. मोटार म्हटली की धडधड, हाडांत उतरणारी थरथर. आणि ही मोटार, मागच्या चाकात बसलेली, नवरा-बायको दोघांचं ओझं घेऊन मुकाट चालली होती! मध्यंतरी छातीत कळ आली, डॉक्टरांनी किक मारायची बंदी केली, तेव्हा मुलाने ही स्कूटर पाठवली. पुढची कळ जड जाईल, असंही डॉक्टर म्हणाले होते.

"कमल, कोकिळा ऐकलीस? या रस्त्यावर कोकिळा आहे गं!"

कमलिनीबाईंनी मागच्या सीटवर डोळे मिटले होते. आज संकष्टी. आनंद नगरच्या गणपतीला जाताना मागच्या सीटवर त्यांचं अथर्वशीर्ष चालायचं. जुन्या स्कूटरच्या फटफटाटात त्यातलं अक्षरही नीळकंठरावांच्या कानी आलं नव्हतं. पाठीला नुसता ऊबदार श्वास लागायचा. आज शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. त्यांनी वेग कमी केला.

फलश्रुती संपली. बाई थांबल्या नाहीत. नेहमीच्या सवयीने, मोठ्यानेच म्हणाल्या, "बाप्पा, मागणं तेच. यांना माझ्याआधी ने."

नीळकंठरावांची मूठ सैल पडली.

"भरल्या कपाळाने जाऊ दे, असं सगळ्या मागतात. मला नको ते. रिकाम्या घरात यांना एक सकाळ निघायची नाही. मी काढीन."

स्कूटर पुढे जात राहिली. कसलाच आवाज नव्हता. नीळकंठरावांना मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. इतकी वर्षं आपल्या पाठीशी कोण बसत होतं?

देवळात ते एरवी बाहेरच थांबत, चपला सांभाळत. आज आत आले, हात जोडून उभे राहिले.

"आज काय मागितलंत एवढं?" पायऱ्या उतरताना बाईंनी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, ही म्हणते ते ऐक."

कमलिनीबाई पायरीवरच थबकल्या. त्यांनी त्या बिनआवाजाच्या स्कूटरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हात कपाळाशी गेला आणि कुंकवाला न लागता तसाच राहिला.